दोन डोंगरांमधला सूर्य

कोणत्याही शाळेत जा आणि मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून सांगा. पाच मिनिटांत साऱ्या वर्गाच्या कागदांवर एकच निसर्ग अवतरतो : दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी, काठी झोपडी आणि नारळाचे झाड! आमच्या सिल्लोडच्या पोराने नारळ पाहिलेला असतो तो देवळात फुटताना. कागदावर मात्र त्याचे बिऱ्हाड माडाखालीच!

याला पोरे जबाबदार नाहीत. जबाबदार आपण, मोठी माणसे. रसिकता ही आपल्याला बाजारातून आणायची जिन्नस वाटते. दिवाळीला भिंत रंगवली, की तिच्यावर क्लोद मोनेची छापील तसबीर चढते. तांबड्या रानफुलांचे उन्हात न्हालेले रान! 1873 सालचे ते चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. पण मोनेने रंगवले ते आपल्या राहत्या आर्झांत्योय गावाजवळचेच रान. 1874 साली पॅरिसच्या ज्या प्रदर्शनात ते लागले, त्याची टीकाकारांनी टर उडवली. सावली निव्वळ काळी नसते, तिलाही रंग असतो, हे या मंडळींनी उघड्यावर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

‘ते फ्रान्सचे ऊन, आमच्याकडे नुसता रखरखाट,’ असे कोणी म्हणेल. मग कोल्हापूरचे आबालाल रहमान काय पॅरिसच्या उन्हात बसले होते? कोटितीर्थाच्या काठचा प्रकाश त्यांना पुरला. 1931 साली ते गेले. त्यांच्या चित्राची प्रत किती घरांत आहे? आणि आमच्या शेजारची अजिंठ्याची लेणी? तिथल्या छतांवर कमळे फुलवणाऱ्यांनी बहुतेक रंग माती-दगडांतूनच काढले; निळा तेवढा लाजवर्द दूरदेशाहून आला. रंग उसना चालतो हो, डोळा उसना चालत नाही!

आज ऐन दिवाळीत बांधावर तरवड पिवळा आहे. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळे, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आहे. मास्तरांनो, चित्रकलेचा एक तास तिथे घ्या. परीक्षकांनो, घोटलेल्या डोंगर-सूर्याला गुण देणे थांबवा. आणि आईबापांनो, पोराने झेंडूची सावली जांभळी रंगवली, तर त्याच्या हातातली कुंचली काढून घेऊ नका. आधी अंगणात जाऊन ती सावली पाहून या.