सांदवाडीची भाजी आणि कापसाचा भाव



हिवाळी अधिवेशन आले की आपण धंतोलीत यशवंत स्टेडियमवर धरण्याला बसतो. जवळच कॉटन मार्केट आहे. नाव कापसाचे, विक्री भाजीची. कापूस पिकवणारा माणूस तिथून वांगी-सांभार विकत घेऊन गावाकडे जातो. हे का झाले, याचा हिशेब आपण मांडला पाहिजे.

घरात पाच माणसे. माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली तर महिन्याला ४५ किलो. किलोला ३० रुपये धरा. वर्षाचे १६,२०० झाले. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे दोन क्विंटल कापूस नुसत्या भाजीत गेला. तोही हमीभाव हाती पडला तर! त्याच २०२५ च्या ऑगस्टात सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ही माफी ऐन वेचणीत, डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. मग भाजीला पैसा कुठून येणार? घर चटणी-भाकरीवर भागवते आणि सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या ताटात तेवढेही उरत नाही.

आता साहेब लोक बियाण्यांची पाकिटे वाटतात आणि परसबागेचा उपदेश करतात. आम्ही विचारतो, सांदवाडी आम्हाला नवी आहे काय? कापूस-ज्वारीच्या तासांत बरबटी होती, अंबाडी होती. न्हाणीच्या पाण्यावर दोडका आणि वाल चढत होते. भाव मिळाला नाही, कर्ज चढले, कर्जासाठी शेवटच्या तासापर्यंत कापूस लावला, निंदणाची मजुरी परवडेना म्हणून तणनाशक आले. त्यात बाईच्या हातची भाजी गेली. ज्या धोरणाने सांदवाडी मोडली, त्याचेच कारभारी आज पाकीट देतात!

तरीही सांदवाडी सोडायची नाही. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापारी शेती आणि निर्यात शेती. त्यात सीताशेती पहिली. जमिनीचा तुकडा बाईच्या हाती, निर्णय तिचा, विकतचे खत-औषध नाही, पीक आधी घरासाठी. राळेगाव तालुक्यातल्या रावेरीला सीतेचे मंदिर आहे. नवऱ्याने टाकलेल्या सीतेने एकटीने दोन लेकरे वाढवली, तिचे नाव या शेतीला उगाच दिलेले नाही. पण बाकीची तीन अंगे विसरा, असे तेव्हाही कोणी सांगितले नव्हते. सीताशेती पोट सांभाळते. कर्ज फेडायला बाजारच मोकळा लागतो.

म्हणून दोन कामे बरोबर चालवू. पाण्याजवळचे दोन गुंठे राखा. पावसाळ्यात भेंडी, बरबटी, दोडका, हिवाळ्यात मेथी, वांगी, वाल, बांधाला शेवगा. उन्हाळ्यात पाणी आटते, त्यासाठी गवार वाळवून ठेवा. निम्मी भाजी घरची झाली तरी एक क्विंटल कापूस वाचला. आणि भावांनो, लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली, ते काम आपल्या गावात राहिले असेल तर पुरे करा.

दुसरे काम सरकारकडून वसूल करायचे आहे. आमच्या पिकाचा भाव पाडणे थांबवा. पाकिटे आम्ही आमची आणू.