लोकार्पण : पहिल्या दिवशीं कीं शेवटच्या?

शब्दांचा अर्थ व्यवहारांत कसा उलटा होतो याचें उदाहरण कोणीं मागितलें तर आम्ही 'लोकार्पण' या शब्दाकडे बोट दाखवूं. अर्पण म्हणजे आपलें स्वत्व सोडून वस्तु दुसऱ्याच्या हवालीं करणें. तेव्हां लोकार्पण ही कार्याची शेवटची पायरी असावयास हवी : काम उभें राहिलें, चार वर्षें चाललें, लोकांस त्याची संवय झाली, तें चालविण्याजोगीं माणसें गांवांतच तयार झालीं, आणि मग कर्त्यानें 'आतां हें तुमचें' म्हणून हात जोडले. आपल्याकडे मात्र लोकार्पण पहिल्याच दिवशीं होतें. फीत कापली जाते, छायाचित्रें निघतात, पाहुण्यांच्या गाड्या परत फिरतात. आणि ज्या लोकांना वस्तु अर्पण झाली त्यांच्याजवळ खोलीची किल्लीहि नसते. नदीवरच्या पुलाच्या बाबतींत हा शब्दभ्रम एक वेळ खपून जाईल, कारण पूल रोज चालवावा लागत नाहीं. पण खेड्यापाड्यांतील माणसांस संगणक, इंटरनेट व त्यांवर चालणारे सरकारी व्यवहार शिकविण्यासाठीं जीं केंद्रें निघतात त्यांचा या भ्रमानें जीव घेतला आहे.

हें आम्ही हवेंत बोलत नाहीं. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोंवतालच्या, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें सत्तर खेड्यांत 'वायर्ड व्हिलेज' नांवाचा उपक्रम सुरू झाला. पैसा केंद्र सरकारचा, राज्य सरकारचा व कांहीं अंशीं वारणा समूहाचा. गांवोगांवीं संगणक बसले. त्यांवर शेतकऱ्यास बाजारभाव कळावे, पिकांविषयीं सल्ला मिळावा, दाखले मिळावे, मुलांनीं शिकावें, असा संकल्प होता. आणि संकल्पाबद्दल आमची तक्रार नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं संशोधकांनीं जाऊन पाहिलें, तों तीं यंत्रें जवळजवळ एकाच कामीं येत होतीं : उसाचा हिशेब. तोडणीची परवानगी, कांट्यावरील वजन, उचललेलें खत, एवढींच प्रकरणें. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतांतील संशोधन-शाखेनें सात गांवांत प्रयोग म्हणून संगणक बाजूस ठेवून तेंच काम साध्या मोबाईलवरील संदेशांनीं करून दाखविलें, आणि तें स्वस्तांत झालें.

या हकीकतीवरून कांहीं विद्वान् असा निष्कर्ष काढतात कीं खेडुतास संगणक नकोच होता. आम्हांस त्यांत निराळेंच दिसतें. उसाचा हिशेब टिकला, कारण त्याला धनी होता. कारखाना रोज सायंकाळीं आंकडे मागत होता. यंत्र बंद पडलें तर कारखान्याचें अडत होतें, म्हणून तें दुरुस्त होत होतें. शिक्षणाचा, सल्ल्याचा, साक्षरतेचा धनी कोण? तें काम एक दिवस झालें नाहीं तर कोणाचें अडणार होतें? संकल्पपत्रिकेंत त्याचें वर्णन होतें, परंतु जमाखर्चाच्या वहींत त्याच्या नांवाचें पानच नव्हतें.

मध्य प्रदेशांतील धार जिल्ह्याची कथाहि अशीच. तेथें २००० च्या जानेवारींत 'ज्ञानदूत' सुरू झाला, त्याच वर्षीं त्याला स्टॉकहोमचें आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें, आणि ज्या अधिकाऱ्यांच्या उत्साहावर तो उभा होता ते बदलून गेल्यावर त्यांतील 'सूचनालयें' ओस पडत गेलीं. अधिकाऱ्यांची बदली ही कांहीं दैवी आपत्ति नव्हे. ती कोणत्याहि जिल्ह्यांत ठरलेली असते. जी गोष्ट ठरलेली आहे तिची तरतूद न करणाऱ्यानें मागाहून नशिबाला दोष देऊं नये.

आतां अलीकडच्या व सर्वांत मोठ्या प्रयत्नाकडे वळूं. २०१७ सालीं केंद्र सरकारनें ग्रामीण डिजिटल साक्षरतेचें अभियान आंखलें. सहा कोटि कुटुंबांतील प्रत्येकी एका माणसास शिकवावयाचें, अभ्यास वीस तासांचा, शेवटीं परीक्षा व प्रमाणपत्र. ३१ मार्च २०२४ रोजीं अभियान संपलें, तेव्हां शिकविलेल्यांचा आंकडा सहा कोटींच्या वर गेला होता. आंकड्याविषयीं आम्ही वाद घालीत नाहीं. आमचा प्रश्न एक एप्रिलचा आहे. त्या दिवशीं हीं सहा कोटि माणसें आपली अडचण घेऊन कोणाच्या दारीं जाणार होतीं?

येथें एक मूलभूत भेद लक्षांत घेतला पाहिजे, आणि तोच बहुतेक योजनाकारांच्या ध्यानांत येत नाहीं. अक्षरओळख एकदां झाली कीं ती जन्माची शिदोरी होते. चाळीस वर्षांपूर्वीं शिकलेला 'क' आजहि 'क'च आहे. मोबाईलवरचें बटण मात्र सहा महिन्यांत जागा बदलतें. काल अंगठा चालत होता, आज चेहरा दाखवावा लागतो, उद्यां आणखी कांहीं. फसविणारेहि रोज नवी युक्ति काढतात. तेव्हां अक्षरओळखीसाठीं मोहीम पुरत असेल, पण या विद्येसाठीं मोहीम पुरणार नाहीं. तिला जागा हवी, जेथें माणूस पुन्हां पुन्हां येईल व तोच प्रश्न पांचव्यांदा विचारतांना ओशाळणार नाहीं. आणि वयाची मर्यादा तरी पाहा! या अभियानाचा विद्यार्थी चौदा ते साठ वर्षांचा असावा असा नियम होता. म्हणजे ज्या वयांत पेन्शनीसाठीं आपण हयात असल्याचा दाखला दरवर्षीं द्यावा लागतो, आणि तोहि आतां मोबाईलवरून देतां येतो म्हणून सांगितलें जातें, नेमक्या त्या वयाच्या माणसास वर्गाचें दार बंद.

याचा परिणाम कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं दिसेल. 'लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना २०२५ च्या सप्टेंबरांत ओळखीची पडताळणी ऑनलाइन करण्यास सांगण्यांत आलें, तेव्हां ज्यांना तें स्वतः जमलें त्यांनीं केलें. ज्यांना जमलें नाहीं त्यांनीं आपला आधार क्रमांक, मोबाईल व त्यावर येणारा सांकेतिक आंकडा दुसऱ्याच्या हवालीं केला. हा दुसरा माणूस सज्जन निघाला तर पन्नास रुपयांवर भागतें. पूर्वीं निरक्षर माणूस सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत असे, त्यांत व यांत आम्हांस तरी फारसें अंतर दिसत नाहीं.

'केंद्रांनीं स्वतःच्या पायांवर उभें राहावें' हा उपदेश आम्हीं पुष्कळ ऐकला आहे. तीन वर्षांत स्वावलंबी व्हा, लोकांकडून शुल्क घ्या, फुकटच्या वस्तूची लोकांना किंमत नसते. या म्हणण्यांत तथ्यांश आहे. महाराष्ट्रांत २००१ पासून चालत आलेला एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम शुल्कावरच उभा आहे. पण तो घेणारा तरुण नोकरीच्या आशेनें घेतो, व सरकारी नोकरीसाठीं संगणकाचें प्रमाणपत्र लागतें म्हणून त्याला गिऱ्हाईक तुटत नाहीं. सत्तर वर्षांच्या विधवेस कोण नोकरी देणार आहे? केरळांत मलप्पुरम जिल्ह्यांत २००२ सालीं 'अक्षय' केंद्रें निघालीं, तरुणांनीं स्वतःचें भांडवल घालून तीं काढलीं, घरटीं एका माणसास संगणकाची ओळख करून दिली. तो पहिला अभ्यासक्रम संपतांच उत्पन्न आटलें व अनेक केंद्रें बंद पडलीं. जीं जगलीं तीं मुख्यतः दाखले, बिलें व अर्ज यांच्या कामावर जगलीं. म्हणजे शिकविणारें केंद्र हळूहळू करून देणारें दुकान झालें. त्यांत त्या चालकांचा दोष नाहीं, पोट भरण्याचा तोच मार्ग त्यांना उरला होता. परंतु गिऱ्हाईक शहाणें झालें तर ज्याचा धंदा बसतो, त्याच्यावर गिऱ्हाईकास शहाणें करण्याचा भार टाकणें हा शुद्ध भोळेपणा होय. गांवच्या शाळेनें नफा दाखवावा असें अद्यापि कोणीं म्हटलेलें नाहीं.

कंपन्यांच्या दानधर्माचेंहि तेंच. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांस नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास लावणें भाग पडलें, हें चांगलें झालें. पण २०२१ च्या सुधारित नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणजे आरंभाचें वर्ष सोडून जास्तींत जास्त तीन वर्षांचा, अशी व्याख्या आहे. अर्थातच प्रकल्प तीन वर्षांच्या मापानें बेतले जातात, आणि चौथ्या वर्षीं गांवांत फक्त नामफलक राहतो.

दोष सरकारास व कंपन्यांस देऊन आपण सुशिक्षितांनीं नामानिराळें राहावें असें मात्र आमचें मत नाहीं. २०२५ च्या ऑक्टोबरांत विंडोज १० या प्रणालीची नेहमीची विनामूल्य राखण थांबली. घरोघरीं व कचेऱ्यांतून जुने संगणक अडगळींत पडले, आणि ते 'एखाद्या खेड्यांतल्या शाळेला देऊन टाकूं' हा उदार विचार पुष्कळांच्या मनांत आला असेल. कठोपनिषदांतील वाजश्रवसानें यज्ञांत म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान दिल्या, ही कथा वाचकांस ठाऊक आहे. तें पाहून त्याच्या मुलानें बापास विचारलें कीं मला तुम्ही कोणाला देणार? नचिकेत्याचा प्रश्न दानाच्या वस्तूविषयीं नव्हता, घेणाऱ्याविषयीं होता. आमच्या दानशूरांनीं तोच प्रश्न स्वतःस विचारावा. वस्तु कोणाला देतां? त्या माणसाचें नांव काय? त्याला पगार कोण देतो? विजेचें मीटर कोणाच्या नांवावर आहे? इंटरनेटचें बिल कोणाच्या खात्यांतून जातें, आणि परवलीचा शब्द विसरला तर नवा शब्द मिळविण्याचा संदेश कोणाच्या मोबाईलवर येतो? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण बदलून गेलेल्या साहेबाच्या क्रमांकावर जर तो संदेश जात असेल तर केंद्राची खरी किल्ली त्या साहेबाबरोबर परगांवीं गेली असें समजावें.

खरें हस्तांतरण कसें असतें हें पाहावयास फार लांब जावयास नको. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून विल्यम बॉर्डन नांवाचे ग्रंथपाल आणविले. बॉर्डन यांनीं मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, स्थानिक मंडळीस या शास्त्राचें शिक्षण दिलें, आणि १९१३ सालीं ते परत गेले. चळवळ त्यांच्यामागें खचली नाहीं; मोतीभाई अमीन यांच्यासारख्या तेथल्याच माणसांनीं ती खेडोपाडीं वाढविली. पैशाची योजनाहि पाहण्यासारखी होती. गांवानें जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांतपंचायतीनें व तेवढीच सरकारनें घालावी. यांत गांवाचा हिस्सा लहान असे, पण तो पहिला असे. ज्यानें आधीं स्वतःच्या खिशांतून पैसा काढला तो मागाहून दार उघडें आहे कीं नाहीं हें पाहावयास येतोच. विलायती तज्ज्ञ तीन वर्षांत गेला तरी चाललें, कारण तो जाणार हें धरूनच सारी रचना होती.

आज महाराष्ट्रांत १९६७ च्या कायद्याखालीं मान्यता मिळालेलीं दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयें आहेत. त्यांना जागा आहे, कार्यकारी मंडळ आहे, सभासद आहेत, आणि वृद्ध मनुष्य तेथें वर्तमानपत्र वाचावयास संकोचाशिवाय जातो. हीं केंद्रें सोंपवावयाचीं तर यांच्याकडे सोंपवावीं असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र या संस्थांचें अनुदान तुटपुंजें आहे व ग्रंथपालाचें वेतन सांगण्याची लाज वाटावी असें आहे. ग्रामपंचायतींतील संगणक-परिचालकांना मानधनासाठीं वेळोवेळीं मोर्चे काढावे लागले, ती गत ग्रंथपालांचीहि करावयाची नसेल तर नुसते संगणक पाठवून भागणार नाहीं. दुपारीं दोन ते चार वाचनालयाचें टेबल रिकामें असतें. त्या दोन तासांसाठीं एक शिकविणारा, त्याचें पांच वर्षांचें वेतन वाचनालयाच्या नांवें बँकेंत आधीं ठेवलेलें, त्यांत गांवाचा लहानसा का होईना पण पहिला हिस्सा, आणि सर्व खातीं मंडळाच्या नांवावर : एवढें लिहून घेतल्यावांचून कोणत्याहि कार्यकारी मंडळानें संगणकांचीं खोकीं दारांतून आंत घेऊं नयेत, मग तीं कोणाच्याहि शुभहस्तें येवोत.