पहिला क्यू घेताना



वाचकहो, या सदरात आपण बहुधा घर, दुकान आणि हिशेब यांविषयी बोलतो. या महिन्याचा विषय मात्र माझ्या नातवाने ठरविला. तो पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. आषाढात चार दिवसांसाठी कोयनानगरला घरी आला होता. बाहेर पाऊस कोसळत होता, दिवस असतानाच जेवणे आटोपली होती आणि मी दिवसाची रोजकीर्द लिहीत बसलो होतो. तो जवळ येऊन म्हणाला, "आजोबा, मला स्वतःचा क्यू घ्यायचा आहे."

क्यू म्हणजे रांग, एवढेच मला ठाऊक. शिधापत्रिकेच्या रांगेसाठी वेगळा खर्च कशाला, असे मी विचारले तेव्हा तो पोट धरून हसला. मग त्याने सांगितले, की पूल या खेळात मेजावरील गोळे ज्या काठीने मारतात तिला क्यू म्हणतात. गेले वर्षभर तो वसतिगृहाजवळच्या एका क्लबात, तेथलीच काठी घेऊन, हा खेळ खेळत होता.

माझ्या मनात पहिली आली ती शंका, कौतुक नव्हे. आपल्या घरांतून या खेळाविषयी चांगले बोलले जात नाही. अंधारी जागा, धूर आणि पैजा असेच चित्र आपल्यापुढे असते. सप्त व्यसनांच्या यादीत द्यूताचे नाव पहिले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा मी त्याला स्पष्ट विचारले, "पैसे लावून खेळतोस का?" त्याने माझ्या डोळ्यांत पाहून "नाही" म्हटले. मी विश्वास ठेवला आणि तीच पहिली अट घातली. पैज लागेल त्या मेजावरून उठायचे.

नंतर त्याने मला जे सांगितले त्याने माझाच गैरसमज थोडा दूर झाला. बिलियर्ड्‌सचे विश्वविजेते विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यात झाला. त्यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्‌स स्पर्धा जिंकली, तेव्हा वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६४ साली त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. मुंबईचे मायकेल फरेरा तीन वेळा हौशी विश्वविजेते झाले आणि अनेक जागतिक किताबांचे मानकरी पंकज अडवाणी यांचा जन्मही पुण्याचाच. स्नूकर हा या खेळाचा भाऊ तर १८७५ साली जबलपूरच्या छावणीत जन्मला, असे मानले जाते. म्हणजे खेळ आपल्या ओळखीचा आहे. खोट असलीच तर ती संगतीची आणि पैजेची, मेजाची नव्हे.

आता वस्तूकडे वळू. आपण व्यापारी माणसे. माल घेण्यापूर्वी तो कशासाठी हवा, हे विचारतो. क्यूचेही तसेच आहे. पहिला प्रश्न असा, की मुलगा कोणत्या मेजावर खेळणार? पुलाचे गोळे सुमारे ५७ मिलिमीटर व्यासाचे, तर स्नूकरचे साडेबावन्न मिलिमीटरचे असतात. त्यामुळे पुलाच्या क्यूचे टोक १२ ते १३ मिलिमीटर रुंद, तर स्नूकरच्या क्यूचे साडेनऊ ते दहा मिलिमीटरच्या आसपास असते. पुलाचा क्यू बहुधा मेपलच्या लाकडाचा आणि स्नूकरचा ॲशच्या लाकडाचा असतो. आपल्याकडच्या क्लबांतून दोन्ही मेजे शेजारी शेजारी असतात आणि नवखा मुलगा हाताला लागेल तो क्यू उचलतो. विकत घेताना ही गफलत महाग पडते.

दुसरा प्रश्न लांबी आणि वजनाचा. पुलाचा क्यू साधारणपणे ५७ ते ५८ इंच, म्हणजे सुमारे १४५ ते १४७ सेंटीमीटर लांब असतो. वजन १८ ते २१ औंस, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम. नवख्याने मधले, १९ ते २० औंसांचे वजन घ्यावे. फार हलका क्यू हातात डळमळतो आणि फार जड क्यू स्वतःच धावू लागतो. क्लबातल्या निरनिराळ्या वजनांच्या क्यूंवर महिनाभर खेळून, आपल्या हाताला कोणता मानवतो ते वहीत टिपून ठेवावे, असे मी नातवास सुचविले. नमुना न पाहता गोणी उचलायची नाही, हा आपला जुनाच नियम आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा सरळपणाची. कापड मोजणारा गजच वाकडा असेल तर साऱ्या दुकानाचा हिशेब वाकडा होतो. क्यूचे मागचे टोक डोळ्याजवळ धरून पुढच्या टोकाकडे नजर टाकावी. मग तो सपाट मेजावर आडवा ठेवून हलकेच घरंगळू द्यावा. पुढचे टोक उड्या मारू लागले किंवा दांड्याखालची फट कमीजास्त होऊ लागली, तर तो क्यू ठेवून द्यावा. दोन तुकड्यांचा क्यू असेल तर जोडलेला आणि सुटा, असा दोन्ही प्रकारे पाहावा. एसटीने येजा करणाऱ्या मुलाला दोन तुकड्यांचाच क्यू सोयीचा. जोडाचे आटे स्वच्छ बसतात ना, जोडल्यावर तेथे बोटाला पायरी लागत नाही ना, हेही पाहावे. मागच्या जाड भागावरील नक्षी, रंग आणि जडावकाम यांचे पैसे गोळ्याला कळत नाहीत. नवख्याला काही हजारांत मिळणारा साधा, सरळ क्यू पुरे. कार्बनचा दांडा असलेल्या क्यूची किंमत कित्येक पटींनी अधिक असते. हात बसण्यापूर्वी ती देणे म्हणजे दुकान उघडण्याआधी पाटी सोन्याची करणे होय.

येथवर सारे सुरळीत चालले होते. मग मी सहज विचारले, "हे टोक कशाचे असते रे?" तो म्हणाला, "चामड्याचे." आणि बोलता बोलता थांबला. वर्षभर खेळूनही हा विचार त्याच्या मनात आला नव्हता. त्याचा चेहरा उतरला. मी रागावलो नव्हतो, पण तो स्वतःवरच रागावला होता.

क्यूच्या टोकावरील त्या चकतीला टिप म्हणतात. पूर्वी नुसत्या लाकडाने गोळे मारीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील मिंगो नावाच्या माणसाने टोकावर चामडे बसविले, असे सांगतात. त्यामुळे गोळ्याला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. आजही बहुतेक टिपा चामड्याच्याच असतात, डुकराच्या किंवा म्हशीच्या. मुठीवरचे वेष्टनही काही क्यूंवर चामड्याचे असते आणि काही पेट्याही चामड्याच्या असतात.

या खेळाचा इतिहास पाहिला तर तो याहून कठोर आहे. एके काळी बिलियर्ड्‌सचे उत्तम गोळे हस्तिदंताचे असत आणि त्यासाठी हत्ती मारले जात. १८६० च्या दशकात अमेरिकेतील एका बिलियर्ड्‌स व्यापारी पेढीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या शोधातूनच जॉन वेस्ली हयात यांचे सेल्युलॉइड पुढे आले. आजचे गोळे फेनोलिक नावाच्या कृत्रिम राळेचे असतात आणि ते हस्तिदंताहून अधिक एकसारखे व टिकाऊ आहेत. पेढीला दयेपेक्षा तुटवड्याची चिंता अधिक असेल, पण परिणामी जीव वाचले. व्यापाऱ्याची मागणी बदलली की कारागिराची वस्तू बदलते, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात कोणी हस्तिदंताचे गोळे किंवा हस्तिदंती टोपी असलेला क्यू दाखविला तर हातही लावू नये. आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे.

नातू म्हणाला, "मग आजोबा, खेळ सोडतो." मला बरे वाटले, हे मी लपवीत नाही. पण त्याची आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, मंदिरात भजनाला तबला वाजतो, तो कशाचा असतो? आणि तुमचा कमरेचा पट्टा?" मी गप्प झालो. तो पट्टा तीस वर्षे मी रोज बांधीत होतो. पोराला एका चकतीवरून शहाणपण शिकविण्यास मी निघालो होतो आणि माझ्याच कमरेला दीड हात चामडे होते.

त्या रात्री आम्ही तिघांनी बसून जो विचार केला तो येथे मांडतो. इतर घरांनाही उपयोगी पडेल.

टिप चामड्याचीच हवी, असा खेळाचा नियम नाही. पुलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत टोक चामड्याचे किंवा दुसऱ्या तंतुमय अथवा लवचीक पदार्थाचे असावे, असे म्हटले आहे. बाजारात फेनोलिक राळेच्या टिपाही मिळतात. डाव उघडण्याच्या जोरकस फटक्यासाठी खेळाडू त्या वापरतात. त्यांत चामडे मुळीच नसते. मात्र व्यापारात गुण सांगताना दोषही सांगावा. ही टीप फार कठीण असते. तिच्यावर चॉक कमी टिकते, आवाज मोठा होतो आणि गोळ्याच्या कडेला मारताना ती सटकते. पांढऱ्या गोळ्यावर डाग पडतात म्हणून काही क्लब ती चालू देत नाहीत आणि काही स्पर्धांतही तिला मनाई असते. तेव्हा आधी विचारून घ्यावे.

पण नवख्याच्या दृष्टीने पाहिले तर यात एक सोय आहे. जाणकार सांगतात, की पहिले कित्येक महिने पांढऱ्या गोळ्याच्या मध्यावरच मारण्याचा सराव करावा आणि फिरकीच्या नादी लागू नये. मध्यावर मारणाऱ्याला कठीण टीपही पुरते. चुकला तर ती लगेच आवाज करून सांगते. म्हणून ठरले असे: मेपलचा, दोन तुकड्यांचा, २० औंसांचा साधा क्यू. मुठीवर चामडे नको, तागाच्या दोऱ्याचे वेष्टन असावे किंवा नुसते लाकूड. मूळची टिप काढून दुरुस्ती करणाऱ्याकडून फेनोलिक टिप बसवून घ्यायची. पुढे स्पर्धेत उतरण्याची वेळ आली, तर त्या वेळी उपलब्ध असलेल्या टिपा पाहून त्याने स्वतः निर्णय करायचा. तो काय करील ते मी आज सांगू शकत नाही आणि त्याच्याकडून वचनही घेतले नाही. दुसऱ्या दिवशी मी माझा पट्टा मात्र बदलला.

आता जोडवस्तूंविषयी. पहिली चॉक. नाव खडूचे असले तरी ती शाळेतील खडूची नव्हे. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी गारेच्या भुकटीसारख्या घर्षक पदार्थांपासून बनविलेल्या चॉकचे एकस्व घेतले. आजची चॉक त्याच वळणाची आहे. ती स्वस्त असते आणि एक वडी बरेच दिवस पुरते. टोकावर ती हलक्या हाताने पुसावी, गिरमिटासारखी फिरवू नये. दुसरी वस्तू पेटी. कडक कवचाची, आत मऊ अस्तर असलेली, कापडाची किंवा रेक्झिनची घ्यावी. तिसरी वस्तू दांडा पुसण्यासाठी मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचे कापड. काही जण रेशीम सुचवितात, ते आपल्याला नको. टिप खरखरीत करण्याचा छोटा कानसपत्रा चौथा. घामेजल्या हातांसाठी तीन बोटांचा पातळ हातमोजा मिळतो, पण तो गरज पडल्यासच. बाकीची खोकी दुकानदार दाखवील. ती पाहून नमस्कार करावा आणि पुढे निघावे.

आमच्या गावासाठी एक सूचना वेगळी. कोयनानगरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने गुळाला पाझर फुटतो, मिठाला पाणी सुटते आणि दारे चौकटीत अडकतात. अशा हवेत लाकडी क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर तो वाकणारच. सुटा करून पेटीत ठेवावा, पेटी आडवी किंवा अगदी उभी ठेवावी, आत ओल शोषणारी सिलिकाची पुडी टाकावी. उन्हात तापलेल्या मोटारीत तो कधीही सोडू नये. पाटण, महाबळेश्वर आणि कोकणातील वाचकांनाही हेच लागू आहे.

खरेदीसाठी आमच्या पेठेत सोय नाही. कऱ्हाडला खेळाच्या दुकानात मागवून घेता येईल, पण हाताळून पाहिल्यावाचून पहिला क्यू घेऊ नये, असे माझे मत. नातू परत गेल्यावर पुण्यात तीन दुकाने फिरला. पहिल्या दोन ठिकाणचे क्यू मेजावर घरंगळताना उड्या मारीत होते, म्हणून तो रिकाम्या हाताने परतला. तिसऱ्या ठिकाणी घेतला. फोनवर म्हणाला, "आजोबा, दुकानदार विचारीत होता, इतके तपासून घ्यायला तुम्हाला कोणी शिकविले?"

मी त्याला काय उत्तर दिले असेल, ते आपणही ओळखाल. घरातील मूल नवी वस्तू मागते तेव्हा 'नको' म्हणणे सोपे असते आणि पैसे काढून देणेही सोपे असते. ती वस्तू त्याच्यासोबत बसून तपासणे, तिच्यातील खोट त्याला दाखविणे आणि त्या निमित्ताने आपली खोट त्याच्याकडून पाहून घेणे, याला एक संध्याकाळ खर्चावी लागते. ती खर्ची घालावी.

पुढील महिन्यात भेटू. जय जिनेंद्र.