पत्रा पक्का, कूड कच्चा

२०१० च्या मे महिन्यात जनगणनेची घरयादी करायला एक शिक्षिकाबाई आमच्या पाड्यावर आल्या होत्या. मानपाड्याचा नाका मागं टाकून डोंगराच्या अंगानं वर आलं की आमची घरं लागतात. चढून बिचाऱ्या घामाघूम झाल्या होत्या. तेव्हा माझ्या घराला दोन खोल्या. पुढची पत्र्याची, वरही पत्रा आणि तिन्ही बाजूंनीही पत्रा. मागची जुनी, कारवीच्या कुडाची, वर कौलं. पाहुणा म्हणून मी त्यांना पुढच्या खोलीत पाट टाकला. दोन मिनिटं बसल्या, पदरानं वारा घेतला आणि म्हणाल्या, "ताई, आतल्या खोलीत बसू का? तिथं गार वाटतंय." मग सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून त्यांनी सगळा कागद भरला. भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, दिवा कसला. तांब्याभर पाणी प्यायल्या आणि गेल्या. बाई चांगल्या होत्या. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही.

राग आला तो पुढं काही वर्षांनी. भाचा कॉलेजात शिकत होता, त्यानं जनगणनेची कोष्टकं वाचून दाखवली. सरकारी हिशेबात घरं तीन तऱ्हेची. कायम, अर्ध-कायम आणि तात्पुरती. भिंत भाजलेल्या विटेची, दगडाची, काँक्रीटची नाहीतर पत्र्याची, आणि छप्पर कौलाचं, स्लॅबचं नाहीतर पत्र्याचं, तर घर कायमचं. भिंत गवताची, बांबूची, मातीची आणि वर गवतपानं, तर घर तात्पुरतं. एक बाजू अशी नि एक तशी, तर ते मधलं. मी त्याला दोनदा वाचायला लावलं. म्हणजे ज्या खोलीत बाईंना दोन मिनिटं बसवलं नाही, ती माझी कायमची खोली. आणि ज्या खोलीत त्यांनी निवांत कागद भरला, ती अर्धी कच्ची. तेही कौलांच्या पुण्याईनं. माझ्या आजीच्या वेळेसारखा वर पेंढा असता तर ती तात्पुरती झाली असती. ते तात्पुरतं घर आजीच्या लग्नापासून तिच्या मरणापर्यंत उभं होतं, हे मात्र कुठल्या रकान्यात बसत नाही.

शब्दाचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. पण मुलीचं स्थळ बघायला आलेले पाहुणे तेच विचारतात, घर पक्कं हाय का? घरकुलाच्या यादीत तोच प्रश्न. आमच्या पोरांनाही शाळेत 'कच्चे घर, पक्के घर' असंच शिकवलं. पोरगं घरी येऊन भिंतीकडं असं बघायला लागलं, की जणू ती भिंत म्हणजे आमचा गुन्हा.

आता ती भिंत काय होती ते सांगते.

कारवी म्हणजे डोंगरउतारावर माजणारं झुडूप. काठी सरळ, अंगठ्याएवढी जाड. या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कांबींना बांधायच्या, आणि दोन्ही अंगांनी माती, शेण, भाताचा तूस एकत्र मळून लिंपायचं. मळणं पायानं, लिंपणं हातानं. हे बाईचं काम. माझ्या आजीच्या पाचही बोटांची ओळ मागच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीवर अजून दिसते. असला कूड जाड नसतो, पण उन्हाळ्यात तापत नाही आणि वारा थोडा आत घेतो. पावसाळ्यात त्याची माती ओल पिते, चुलीची ऊब तीच ओल सुकवते, म्हणून चूल पश्चिमेच्या कुडाकडं, पावसाच्या तोंडाला. हे कुठल्या इंजिनिअरनं सांगितलेलं नव्हतं. चार महिने पाऊस कुठून झोडपतो हे ज्याला माहीत, तोच घर असं मांडतो.

दरसाल ही भिंत थोडी मरायची आणि दरसाल आम्ही ती परत उभी करायचो. यालाच तुम्ही कच्चं म्हणता. अहो, वर्षच आमच्याकडं तसं होतं. होळी झाली की राब भाजायचा. टहाळ, पाला, शेणी पसरून पेटवायचं, त्याच राखेत पुढं भाताचं बी. वैशाखात आगोटीची धांदल. लाकूडफाटा सुकवून माळ्यावर चढवायचा, सुके बोंबील नि सुकट डब्यात भरायची, छपराचा पेंढा बदलायचा, कौलं चाळायची, कूड लिंपायचा. मिरग लागायच्या आत हे उरकलं नाही तर आजीची बोलणी खायला लागायची. पहिला पाऊस पडला की ओढ्याला वलगणीचे मासे चढायचे, पोरं रात्री बत्ती घेऊन पळायची. मग रानात शेवळं, मागून टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. आषाढात लावणी. तेव्हा घरात कोरडं असं चुलीपुढचं हातभर. हस्ताचा पाऊस गडगडून गेला की भात पिवळं पडायचं. वाघबारशीला वाघोबाच्या दगडाला नारळ. थंडीत शेकोटी. माघात पानगळ सुरू झाली की परत डोंगर उघडा, आणि परत कारवी आणायचे दिवस. घर आणि वर्ष एका दमात चालायची. घराला कायमचं करायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

खोटं बोलायचं नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. धुरानं आजीचे डोळे गेले. कुडात विंचू निघायचे. एकदा माझ्या आईच्या उशाखाली घोणस निघाला. बाळंतिणीला श्रावणात त्या ओलीत ठेवायचं म्हणजे काळजाला घोर. आमचं सगळं छान होतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. असं म्हणणारे लोक मला वेगळेच छळतात. रविवारी गाड्या घेऊन येऊरला जातात, वाटेत आमच्या दारात थांबून "तुमचं काय बाई, डोंगराच्या कुशीत राहता, काय हवा, काय पाऊस!" म्हणतात आणि पाऊस वाढला की काचा वर करून निघून जातात. ज्याला पाऊस हौसेचा आहे त्यानं माझ्याशी पावसावर बोलू नये. माझं म्हणणं एवढंच, की धूर काढायचा होता, विंचू काढायचे होते, आणि त्यांनी भिंतच काढली.

कशी काढली, तेही ऐका. डोंगराचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यानात. शंभर चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त जंगल, सगळ्या मुंबई-ठाण्याचा श्वास म्हणतात त्याला, आणि खरंच आहे ते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं राष्ट्रीय उद्यानातून जंगलाचा माल काढायला मनाई. पुढं १९९७ मध्ये उच्च न्यायालयानं उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितली. जंगल खाणाऱ्या झोपड्या वाढत होत्या, त्या आदेशाची गरज मला कळते. पण वाऱ्यासारखी भीती आमच्या पाड्यांवरही आली. नवी मेढ रोवली तर कोणी म्हणेल, हे घर नवं. कारवीचा भारा आणला तर म्हणेल, चोरी. एका माघात मी आणि माझी जाऊ दोन भारे घेऊन उतरत होतो. रखवालदारानं भारे टाकायला लावले, कोयता काढून घेतला. त्यानंतर जाऊ काही परत वर गेली नाही. त्या वर्षी पुढचा कूड पडला तसा पडला, आणि नवऱ्यानं नाक्यावरून पत्रे आणले. पत्र्याला कोणी अडवत नाही. पत्रा जंगलातून येत नाही ना.

गंमत अशी, की कारवीला तोडलं काय नि न तोडलं काय, ती मरतेच. आठव्या वर्षी एकदाच फुलते, सगळा उतार जांभळा करते, मग बी धरते आणि वाळून उभ्याउभी काटूक होते. आमच्या डोंगरावर २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. फुलली की कॅमेरे घेऊन माणसं येतात, पेपरात फोटो येतात. बी झडून गेल्यावरची ती वाळकी काठी कोणाला लागते, हे आजपर्यंत एकानंही विचारलेलं मला आठवत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, त्यात बांबू आहे, झुडपी लाकूडही आहे. भाच्यानं तेही वाचून दाखवलं. कारवी झुडूप नाही तर काय वडाचं झाड आहे? पण हक्क कागदावर मान्य व्हायला दावा, दाव्याला पुरावा. माझ्या घराचा पुरावा माझ्या घराची भिंतच होती, आणि ती तर पडली.

कोणी विचारेल, सगळ्यांनीच कारवी तोडायला घेतली तर डोंगराचं काय होईल? रास्त प्रश्न आहे. म्हणून तर म्हणते, सगळ्यांना नकोच. पाड्यावरच्या जुन्या घरांना, फुलोरा होऊन बी झडल्यानंतर, मोजून भारे द्या, वहीत नोंद करा. आम्ही पूर्वी तसंच करायचो, फक्त वही नव्हती.

पत्र्याचं सुख कसं असतं ते आता बघा. वैशाखात दुपारी आत पाय ठेववत नाही, बारकी पोरं जांभळीखाली झोपवायची. पहिल्या जोरदार सरीला असा गोंगाट, की एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला सून, आम्ही हातवारे करून बोलतो. सगळा श्रावण मुक्यानं काढायचा. आजीच्या पेंढ्याखाली पाऊस नुसता पुटपुटायचा, तिच्या गोष्टी आम्हाला त्या पुटपुटीतच ऐकू आल्या. थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो, अंथरुणावर टपटप. खिळ्यांची भोकं मोठी होतात. पूर्वी अंगणात बिबळ्या फिरला तर कुडातून त्याचा श्वास कळायचा, आता पंख्याच्या घरघरीत काही कळत नाही, सकाळी कुत्रं गेलेलं दिसतं. आणि २६ जुलै २००५ च्या पावसात, ज्या दिवशी तिकडं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर मोजला, आमच्या मागच्या कुडाची माती सगळी वाहून गेली. कारव्या उभ्या. पाणी त्यातून आलं तसं गेलं. पाऊस उघडल्यावर आम्ही चौघी बायकांनी माती मळली आणि दोन दिवसांत भिंत झाली. खर्च शून्य. पत्रा उडाला तर विकत आणावा लागतो.

खाली आमची खाचरं होती, तिथं आता टॉवर आहेत. त्यांच्या जाहिरातीत डोंगर असतो. ढग उतरलेला, हिरवागार, आमचाच. खिडकीतून डोंगर दिसण्याचे जादा पैसे लागतात म्हणे. माझा दीर तिथं रात्रपाळीला गेटवर असतो. तो सांगतो, पश्चिमेच्या काचा उन्हात इतक्या तापतात की पडदे ओढून एसी लावतात, डोंगर कोणी बघतच नाही. ही घरं मात्र पक्की, त्यात कोणाला शंका नाही. (डोंबिवलीलाही एक मानपाडा आहे, बरं का. रिक्षावाला विचारतो, कुठला मानपाडा? पोलीस ठाण्याच्या बातम्या येतात तो तिकडचा. आम्ही डोंगराचे.)

आणि आता बोगदा. टिकुजिनीवाडीच्या बाजूनं आत शिरून थेट बोरिवलीला निघणार, मधे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. बोगदा नको, असं मी म्हणणार नाही. पुतण्या बोरिवलीला कामाला जातो, घोडबंदर रोडच्या गर्दीत त्याचं अर्धं आयुष्य बसमध्ये चाललंय. त्याला लवकर घरी येता आलं तर मला आनंदच आहे. पण ज्या डोंगराच्या पोटातून दोन-दोन रस्ते न्यायला परवानग्या, अटी, मार्ग सगळं निघतं, त्याच डोंगराच्या पाठीवरच्या वाळक्या काठ्यांच्या एका भाऱ्यासाठी मार्ग निघत नाही, याचं उत्तर मला हवंय. उत्तर देणाऱ्यानं पाड्यावर यावं. मे महिन्यात यावं. मी त्याला पुढच्या, कायमच्या खोलीत बसवीन.

२०२४ चा फुलोरा गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुपारी डोंगर तडतडत होता, बोंडं फुटून बी उडत होतं. मागच्या खोलीच्या कुडात सात-आठ कारव्या वाळवीनं पोखरल्यात, वरच्या उतारावर वाळकी कारवी उभीच्या उभी आहे, आणि माझा कोयता त्या माघात गेला तो गेला. पुढचा फुलोरा २०३२ ला. तोपर्यंत लिंपायला हात असलेली बाई पाड्यावर मी धरून तिघीच आहोत. सुनेला एकदा माती मळून दाखवली. तिनं पाय घातला, हसली, म्हणाली, "आत्याबाई, हे मला जमंल, पण काठ्या कुठून आणायच्या?"

मिरगाला नऊ दिवस राहिलेत. पुढच्या पत्र्याला काल शिडी लावून चौदा भोकं मोजली. डांबराची डबी आणायला नाक्यावर जायचंय, दुपारच्या आत, नंतर पत्र्याला हात लावता येत नाही.