सेमीफायनलला रकाना नसतो

फायनल हरणाऱ्याला निदान छोटा कप मिळतो, प्रमुख पाहुणे हात मिळवतात, फोटोत कडेला उभं राहता येतं. सेमीफायनल हरलेला संघ किट आवरतो आणि स्टेशन गाठतो. आमच्या क्लबच्या खोलीतल्या लाकडी फळ्यावर विजेते आहेत, उपविजेते आहेत. सेमीला रकानाच नाही. पण संध्याकाळी तिथे जमणाऱ्या जुन्या खेळाडूंच्या गप्पा ऐका. हटकून सेमीच्याच असतात.

मला यात नवल वाटत नाही. फायनलला पोचलेल्याचं निम्मं समाधान आधीच झालेलं असतं. सेमीत मात्र हातात काहीच नसतं आणि सगळं समोर दिसत असतं. शिवाय बघायला कोण? कोच, स्कोअरर आणि शेजारच्या मॅचचा आपल्या पॉइंटच्या मागे उभा असलेला फिल्डर.

मुंबईच्या मैदानी क्रिकेटमधली सगळ्यात गाजलेली मॅच सेमीफायनलच होती. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शाळांची हॅरिस शील्ड, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. २ बाद ८४ असताना चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी एकत्र आले ते ७४८ पर्यंत हललेच नाहीत. ६६४ धावांची भागी. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. शारदाश्रमचे कोच आचरेकर सर, त्यांचे सहायक सीमारेषेवरून डाव सोडा म्हणून खुणावत होते आणि ही दोघं तिकडे बघायचंच टाळत होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन गेला आणि सरांनी डाव सोडायला लावला. विनोदच्या साडेतीनशेला एकच धाव कमी होती, पण सर ते सर. मग झेवियर्सचा डाव १४५ वर आटोपला आणि त्यातले सहा बळी कांबळीनेच घेतले, हे मात्र सांगायचं राहून जातं.

त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये सचिनने किती केल्या, हे कुणाला तरी विचारून बघा. नाबाद ३४६. सेमीपेक्षा वीस जास्त! माझ्या ओळखीतल्या क्रिकेटवेड्यांपैकी फार थोड्यांना ते सांगता आलं.

मला त्या मॅचमध्ये जास्त जवळचे वाटतात ते इतर दोघं. एक साईराज बहुतुले, झेवियर्सचा लेगस्पिनर. ती मारहाण सोसून तो पुढे भारताकडून कसोटी खेळला. दुसरा शारदाश्रमचा अमोल मुझुमदार, पॅड बांधून आपली पाळी येईल म्हणून बसलेला. पुढे रणजी पदार्पणातच त्याने २६० काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारताची कॅप काही मिळाली नाही. २०२५ मध्ये भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता.

त्याआधीची थोर सेमी पुण्यातली, मार्च १९४९ ची. रणजी करंडक, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. सामना सात दिवस चालला. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मुंबई पुन्हा ८ बाद ७१४. म्हणजे महाराष्ट्रापुढे ९५९ चं लक्ष्य! दुसरा एखादा संघ तिथेच आडवा झाला असता. यांनी ६०४ केल्या आणि मग हरले. एकूण २३७६ धावा, नऊ शतकं. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा दुसरीकडे कुठेच झालेल्या नाहीत. मुंबईने नंतर बडोद्याला हरवून करंडक नेला. ती फायनल आज कोण काढतं?

आमच्या क्लबची सेमी यापुढे किस झाड की पत्ती. एका विकेटने हरलेली, एवढंच नक्की. त्या दिवशीचे बोलर म्हणतात, कॅच सुटला तेव्हा समोरच्यांना अकरा हव्या होत्या. कीपर म्हणतात, चारच. कॅच कीपरनेच सोडला होता, त्यामुळे आकड्याला महत्त्व आहे. फायनलची स्कोअरबुकं कपाटात आहेत, ही वही रद्दीत गेली असावी. शोधून बघतो, असं मी एकदा म्हणालो.

"सापडली तरी आणू नकोस," बोलर म्हणाले. कीपरनी जोरजोरात मान डोलावली.