हाजींची गल्ली आणि कावडीवरचा भात



या महिन्यात आपण मलेशियातील पेनांग बेटावर जाणार आहोत. नोकरीनिमित्त आमचा संसार क्वालालंपूरला आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. तिथून आगगाडीने उत्तरेला बटरवर्थपर्यंत साधारण चार-साडेचार तास लागतात. पुढे खाडी ओलांडायला फेरीबोट आहे. थोड्याच वेळात समोर जॉर्जटाउन शहर उभे राहते.

हे बेट विषुववृत्तापासून जेमतेम साडेपाच अंश उत्तरेला आहे. थंडी हा ऋतूच इथे नाही. दुपारी अंगाची लाही होते आणि संध्याकाळी बघता बघता सर कोसळते. नारळ, फणस, चिंच, ओल्या मातीचा वास, सगळे कोकणातल्यासारखे. फरक एवढाच की सूर्य वर्षभर सात ते पावणेआठच्या दरम्यान मावळतो. त्यामुळे रमजान कोणत्याही महिन्यात आला तरी रोजा फारसा लांबत नाही की आखडत नाही. आमच्या मुलांना या गोष्टीचे फार अप्रूप!

मिनार कोणी उभे केले?

1786 मध्ये फ्रान्सिस लाइट या ब्रिटिश कप्तानाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात घेतले आणि इथे बंदर उघडले. मालावर जकात नव्हती, म्हणून चहूकडून व्यापारी आले. तामिळ किनाऱ्यावरचे मुस्लिम व्यापारी आले, त्यांना इथे ‘चुलिया’ म्हणत. समोरच्या सुमात्रा बेटावरून आचेचे लोक आले. अरब आले, चिनी आले, आर्मेनियनही आले. प्रत्येकाने आपापली गल्ली वसवली आणि गल्लीत आपले प्रार्थनास्थळ बांधले.

चुलियांचे पुढारी कादिर मोहिद्दीन यांनी 1801 मध्ये मशीद उभारली. तीच आजची कपितान केलिंग मशीद. ‘कपितान’ म्हणजे जमातीचा मुखिया. ‘केलिंग’ हा शब्द कलिंगवरून आला आणि हिंदी लोकांसाठी वापरला जाई. आज मात्र मलेशियात तो अपमानकारक समजला जातो, तेव्हा मशिदीच्या नावापलीकडे तो तोंडी येऊ देऊ नये. मशिदीचे आजचे घुमट आणि मिनार पुढच्या काळातले आहेत. आत मोकळी हवा, पायाला गार फरशी. दुसऱ्या धर्माचे पाहुणे आले तर त्यांना अंगावर घ्यायला झगे ठेवलेले असतात.

या एकाच रस्त्यावर 1818 चे सेंट जॉर्ज चर्च आहे, चिनी लोकांचे दयेच्या देवीचे मंदिर आहे, तामिळ हिंदूंचे मारिअम्मन मंदिर आहे आणि शेवटी ही मशीद. चालत गेलो तर पंधरा मिनिटांत चारही होतात. अजान, घंटा आणि उदबत्तीचा धूर दोनशे वर्षे शेजारी नांदत आहेत. त्याचे कोणाला नवल वाटत नाही, हेच आम्हाला नवलाचे वाटले.

कावड खांद्यावर

चालून भूक लागली की ‘नासी कंदार’ खावे. नासी म्हणजे भात आणि कंदार म्हणजे आपली कावड. जुन्या काळी तामिळ मुस्लिम विक्रेते खांद्यावर कावड घेऊन फिरत. एका टोकाला भाताचे भांडे, दुसऱ्या टोकाला कालवणाचे. बंदरातले हमाल हे त्यांचे गिऱ्हाईक. आज कावड गेली, दुकाने आली, नाव मात्र तेच राहिले. भातावर मटणाचा, माशाचा, कोंबडीचा असे तीन-चार रस्से एकत्र ओततात. ‘बांजिर’ म्हणजे पूर, असे सांगितले की ताटात खरोखर पूर येतो. सोबत भेंडी. मसाल्याचा वास ओळखीचा, चव मात्र तिथलीच. इथे आलेल्या कित्येक हिंदी मुसलमानांनी मलय घराण्यांत लग्ने केली. त्यांच्या वंशजांना ‘जावी परानाकान’ म्हणतात. दोन्ही घरांचे मसाले एका पातेल्यात कसे आले, ते यावरून समजते.

जिथून हजची जहाजे सुटत

आमचे मन सर्वांत जास्त रमले ते आचे गल्लीत. आचेहून आलेले अरब वंशाचे व्यापारी तेंगकू सय्यद हुसैन यांनी 1808 मध्ये इथे मशीद बांधली. तिचा मिनार अष्टकोनी आहे आणि त्यात एक गोल भोक दिसते. 1867 च्या दंगलीत तोफेचा गोळा लागून ते पडले, असे लोक सांगतात.

ही गल्ली एकेकाळी ‘दुसरे जेद्दा’ म्हणून ओळखली जाई. उत्तर मलेशिया आणि आसपासच्या मुलखातले हाजी इथे जमत आणि पेनांगच्या बंदरातून जहाजाने निघत. निरोप द्यायला अख्खे कुटुंब यायचे. जहाज लागेपर्यंत इथल्याच माड्यांवर मुक्काम. खाली इहरामचे कापड, सुका शिधा, भांडी, किताबे यांची दुकाने. मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात ज्यांच्या आजी-आजोबांनी जहाजाची वाट पाहिली असेल, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. मुंबईहून हजची जहाजे 1995 पर्यंत सुटत होती. पेनांगमध्ये मात्र 1970 च्या दशकातच विमानाने त्यांची जागा घेतली आणि गल्ली शांत झाली.

तिथल्या एका वयस्क दुकानदार चाचांशी आमचे बोलणे झाले. ते म्हणाले, “माझा जन्म याच माडीवरचा. आता आम्ही शहराबाहेर फ्लॅटमध्ये राहतो. सकाळी येतो, दुकान उघडतो, असर पढून परत जातो.”

माणसे कुठे गेली?

चाचा एकटे नाहीत. या शहरात जुन्या घरांची भाडी कायद्याने बांधलेली होती. तो भाडेनियंत्रण कायदा रद्द झाला आणि 1 जानेवारी 2000 पासून भाडी मोकळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी साधी कुटुंबे बाहेर पडली. मालकांचीही बाजू होती. नाममात्र भाड्यात घराची डागडुजी तरी कशी करायची? पुढे 2008 मध्ये युनेस्कोने जॉर्जटाउनला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इमारती वाचल्या, रंगरंगोटी झाली आणि घरांच्या जागी हॉटेले, कॉफीची दुकाने आली. 2012 मध्ये एका लिथुआनियन चित्रकाराने भिंतीवर सायकलवरची दोन मुले रंगवली. सायकल खरी, मुले चित्रातली. तिथे फोटोसाठी रांग लागते. आम्ही रांगेजवळ उभे राहून पाहिले, तर गल्लीत खेळणारे खरे मूल एकही दिसेना.

ही गोष्ट नवी नाही. कपितान केलिंग मशिदीभोवती वक्फच्या जमिनीवर दाट मोहल्ला होता. 1905 च्या कायद्याने सरकारी मंडळाकडे वक्फचा कारभार गेला आणि सुधारणेच्या नावाखाली जुनी वस्ती हटवली गेली. मशीद देखणी झाली, पण शेजार विरळ झाला. पेनांगच्या इतिहासकार खू सलमा नासुतिओन यांनी चुलियांवरच्या आपल्या ग्रंथात हा इतिहास तपशीलवार मांडला आहे.

वक्फ करणाऱ्याने जमीन दिली ती नुसत्या भिंतींसाठी नव्हे. नमाजी, मुसाफिर, यतीम, विधवा यांच्यासाठी दिली. मशीद दुरुस्त करायला पैसा पुरतो. पहिली सफ भरायला मात्र शेजारी राहणारी माणसे लागतात. मुंबईत डोंगरी-भेंडीबाजारच्या पागडीच्या खोल्यांत वाढलेल्या वाचकांना यातले दुखणे कळेल. नवी इमारत हवीच, गळके छप्पर कोणाला आवडते? पण तिच्यात जुन्या भाडेकरूला जागा आहे का, हा प्रश्न जमातीने आधी विचारायला हवा, नंतर नव्हे.

तुम्ही कधी पेनांगला आलात तर भिंतीवरच्या मुलांचा फोटो जरूर काढा. पण असरची नमाज आचे गल्लीतल्या मशिदीत पढा. जुन्या दुकानातून अत्तराची कुपी किंवा तस्बीह घ्या. दुकानदाराला सलाम करून “आपण इथेच राहता का?” एवढे विचारा. शहराची खरी हकीकत त्या उत्तरात मिळेल. आणि घरी परतल्यावर आपल्या मोहल्ल्यातही तोच प्रश्न विचारून पाहा.

अल्लाह आपल्या मशिदी आबाद ठेवो आणि त्यांच्या आसपासची घरेही. आमीन.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.