जीपचे दात बदलण्यापूर्वी



गेल्या बैठकीत चहाच्या वेळी एका तरुण कार्यकर्त्यानं विचारलं, "भाऊ, हौदा लावलेल्या जुन्या जीपचं क्राऊन-पिनियन बदलू का? डांबरीवर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पळतच नाही." तिथं घाईत उत्तर दिलं, ते पुरेसं नव्हतं.

जुन्या पेट्रोल जीपच्या मागच्या एक्सलमध्ये पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ४३. म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरतं. शहरातले शौकीन हे काढून ११ आणि ४७ दातांचा, म्हणजे ४.२७ चा जोड बसवतात. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे एक पंचमांश कमी, कानाला आराम. पण चाकाला मिळणारी ओढही प्रत्येक गिअरमध्ये तेवढीच घटते. हा अर्धा हिशोब कोणी सांगत नाही.

आणि ५.३८ ही काय कारखान्याची चूक होती? महायुद्धातल्या जीपला ४.८८ होतं. १९४५ साली विलीज कंपनीनं तीच जीप अमेरिकेतल्या शेतकऱ्याला विकायला काढली, तेव्हा नांगर-ट्रेलर ओढायचा म्हणून मुद्दाम ५.३८ केलं. तेच पुढं महिंद्राच्या जीपमधून आपल्याकडं आलं. शेतकऱ्यासाठी केलेली सोय आज शेतकरीच खोट म्हणून काढून टाकतो आहे!

मीही काढली होती. मिस्त्रीनं फक्त मागचा जोड बदलला, ४.२७ चा. हायवेवर आठ दिवस मजा आली. मग अवकाळी पाऊस झाला आणि कापसाची गाठोडी भरून पांदणीतून निघालो. नाल्याच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी मान टाकू लागली. क्लच अर्धा दाबून रेटली, तर जळका वास सुटला. 'लो'च्या दांड्याला हात घातला आणि डोक्यात प्रकाश पडला. या जीपचा लो पुढचा एक्सल जोडल्याशिवाय पडत नाही, आणि पुढं अजून ५.३८ च होतं. पुढची चाकं एक चाल मागणार, मागची दुसरी; मधे काहीतरी मोडणार. शेवटी बैलजोडी आणली. क्लचप्लेट गेली ती गेलीच.

माझं मत असं. ज्याची गाडी निम्म्याहून जास्त पांदणीत चालते आणि इंजिन पेट्रोलचंच आहे, त्यानं ५.३८ ला हात लावू नये. डिझेल इंजिन बसवलं असेल तर गोष्ट वेगळी. ते कमी फेऱ्यांत ओढतं आणि जास्त फेरे त्याला सोसत नाहीत. त्याला ८ आणि ३९ दातांचं ४.८८ पुरतं. ओढ दहाव्या हिश्शानंच कमी होते. पण बदलायचं तर पुढचं-मागचं दोन्ही. क्राऊन आणि पिनियन एकाच जोडाचे घ्या, वेगवेगळ्या भंगारातले नकोत. मिस्त्री दातांना रंग लावून ठसा बघत नसेल, शिम घालून तो दाताच्या मधोमध आणत नसेल, तर गाडी उचलून दुसरीकडं न्या. नाहीतर एक्सल रडायला लागतो आणि वर्षात दात झडतात.

माझ्या गाडीत डिझेल आहे, आता दोन्हीकडं ४.८८ आहे. वेगाचा काटा तेवढा दुरुस्त करायचा राहिलाय. तो चाळीस दाखवतो तेव्हा मी चव्वेचाळीस धरतो.